परिणाम झाला म्हणजे गुण आला असं नाही

ॲमेझॉनच्या जंगलातल्या एका बेडकावरून जगभर वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू तो चुकीच्या जागी लढताहेत. बेडकाचं शास्त्रीय नाव फायलोमेड्युसा बायकलर. पाठ गर्द हिरवी, पोट पांढरट, चाल संथ, मुक्काम झाडावर, वावर रात्रीचा. त्याच्या कातडीतून पाझरणारा चिकट स्राव खरवडून काठीवर वाळवायचा, माणसाच्या अंगावर छोटे डाग द्यायचे आणि त्या डागांवर तो स्राव लावायचा, ही ब्राझील-पेरू सीमेलगतच्या मात्सेस, कातुकिना अशा आदिवासी समाजांची जुनी पद्धत. कांबो किंवा सापो ही तिची प्रचलित नावं. गेल्या काही दशकांत ती जंगलाबाहेर पडली, शहरांत पोचली आणि ‘शरीरशुद्धी’ म्हणून पैसे घेऊन विकली जाऊ लागली. तिचे समर्थक सांगतात, की यात जैवसक्रिय (शरीरावर परिणाम करणारी) पेप्टाइडं आहेत हे विज्ञानानेच सिद्ध केलंय, आता आणखी कसला पुरावा हवा? विरोधक म्हणतात, की बेडकाचं विष अंगाला फासून ओकत बसायचं ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, तिच्यावर चर्चा तरी कशाला?

माझं म्हणणं असं आहे, की या स्रावात जबरदस्त ताकद आहे आणि नेमकी म्हणूनच त्याला औषधाचे सगळे निकष लावले पाहिजेत. मात्रा किती, कुणाला, कशासाठी, आणि काही बिघडलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न टाळता येणार नाहीत. शरीरावर परिणाम होतो एवढ्यावरून आजार बरा होतो असा निष्कर्ष काढणारे चुकतात. आजार बरा झाल्याचा पुरावा नाही एवढ्यावरून त्यात काहीच नाही असं म्हणणारेही तितकेच चुकतात. परिणाम आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा सगळा गोंधळ त्या एकच मानल्यामुळे झालेला आहे.

आधी प्रत्यक्ष काय होतं ते पाहू. वेलीच्या बारीक तुकड्याचं पेटतं टोक दंडावर, छातीवर किंवा पायावर टेकवून कातडीचा वरचा पापुद्रा तेवढा जाळतात. वाळलेला स्राव थुंकीत किंवा पाण्यात कालवून त्याचे इवलेसे गोळे त्या उघड्या ठिपक्यांवर ठेवतात. एक-दोन मिनिटांत अंगात ऊष्मा चढतो, चेहरा लालबुंद होतो, नाडी धावू लागते, कानात ठोके ऐकू येतात. मग रक्तदाब उतरतो, डोकं गरगरतं, पोटात पीळ पडतो आणि ओकाऱ्या सुरू होतात. कित्येकांना जुलाबही होतात. ओठ आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो. अर्ध्या-पाऊण तासात बहुतेक सगळं ओसरतं, माणूस थकून आडवा होतो. पुढे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तो सांगतो, की अंग हलकं झालंय, डोकं स्वच्छ झालंय, उत्साह वाटतोय. हे सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं, आणि तसं वाटण्यामागे रसायनं आहेत.

ती रसायनं ओळखण्याचं श्रेय मुख्यतः इटलीच्या वित्तोरिओ एरस्पामेर यांचं. हाच माणूस १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरातून ‘एंटेरामिन’ नावाचं द्रव्य वेगळं करत होता. तेच पुढे सेरोटोनिन म्हणून जगाला माहीत झालं. नंतरची कित्येक वर्षं एरस्पामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या बेडकांच्या कातड्या तपासण्यात घालवली. १९९३ साली त्यांच्या गटाने मात्सेस लोकांच्या वाळवलेल्या स्रावाचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत तीव्र क्रियाशील पेप्टाइडं निघाली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपल्या शरीरातले अनेक संप्रेरक (हार्मोन) याच जातीचे आहेत, आणि कळीची गोष्ट हीच आहे. बेडकाची पेप्टाइडं आपल्याच संप्रेरकांसारखी दिसतात. फायलोसेरुलिन हे आपल्या आतड्यातल्या कोलेसिस्टोकायनिनची नक्कल करतं: पित्ताशय आकसतं, स्वादुपिंड पाझरू लागतं, मळमळ उसळते. फायलोकायनिन हे ब्रॅडिकायनिनच्या कुळातलं: रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब घसरतो. फायलोमेड्युसिन आतड्याचे स्नायू आवळतं, लाळ आणि अश्रू वाढवतं. सॉव्हेजिन मेंदूतल्या तणावाच्या संप्रेरकाची जागा घेतं आणि पियुषिका ग्रंथीला कामाला लावतं. डर्मॉर्फिन आणि डेल्टॉर्फिन अफूच्या द्रव्यांसाठी पेशींवर असलेल्या ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) जाऊन बसतात. सही बनावट आहे, पण इतकी हुबेहूब की शरीराचा प्रत्येक विभाग हुकूम खरा मानून कामाला लागतो.

डर्मॉर्फिनपाशी थोडं थांबायला हवं. १९८१ साली फायलोमेड्युसाच्याच दुसऱ्या एका जातीत ते सापडलं. अवघी सात अमिनो आम्लं, पण वेदना मारण्याची ताकद मॉर्फिनच्या तीसेक पट. त्याच्या साखळीतलं दुसरं अमिनो आम्ल ‘उलटं’ आहे. प्राणिशरीर प्रथिनं बांधताना डावखुरी अमिनो आम्लं वापरतं, इथे मात्र उजव्या बाजूचं ॲलनिन बसवलेलं आहे. बेडकाचं जनुक लिहितं ते नेहमीचंच ॲलनिन. साखळी तयार झाल्यावर एक विकर (एन्झाइम) ते आम्ल उलटं करतं, आणि त्यामुळे आपल्या शरीरातली प्रथिनं तोडणारी विकरं त्याला सहजी तोडू शकत नाहीत. दोन पानांमध्ये लपलेला एक संथ बेडूक रसायनशास्त्राची एवढी बारीक करामत करतो, हे वाचून थक्क व्हायला होतं. ज्यांना यात नुसतं ‘विष’ दिसतं त्यांनी हे वाचलेलं नाही, असंच मला वाटतं.

पण बेडूक हे कशासाठी करतो? त्याच्या कातडीतली काही पेप्टाइडं, उदाहरणार्थ डर्मासेप्टिन, जंतू आणि बुरशीशी लढतात. उरलेली भक्षकासाठी आहेत. सापाने तोंडात घेतलं, की सापाच्या शरीरात हे बनावट हुकूम सुटतात आणि साप त्याला ओकून टाकतो किंवा सोडून देतो. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांच्या संप्रेरकांचं मूळ एकच असल्यामुळे सापासाठी बनलेलं शस्त्र माणसालाही लागू पडतं. तेव्हा ‘निसर्गाने दिलेलं आहे, अपाय कसा करेल?’ या युक्तिवादात काहीच दम नाही. निसर्गाने हे ज्या कामासाठी घडवलं, ते काम म्हणजेच शत्रूला अपाय करणं आहे.

आता ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. माणसाच्या बाबतीत विधी, अपेक्षा, सोबतच्यांचा उत्साह या सगळ्यांचा वाटा असतो, हे मान्य. पण घोड्याचं काय? २०१२ साली अमेरिकेत लुइझियाना, ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिको या राज्यांतल्या शर्यतीच्या घोड्यांच्या नमुन्यांत डर्मॉर्फिन सापडलं. दुखऱ्या पायांनी घोड्याने धावावं म्हणून ते टोचलं जात होतं. घोड्याला कुठलाही विधी ठाऊक नव्हता, कुणी त्याला जंगलाची गोष्ट सांगितली नव्हती, तरी तो धावला. या पेप्टाइडांचा परिणाम श्रद्धेवर अवलंबून नाही याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला हवा? ज्याने स्वतः हा अनुभव घेतला आहे त्याला तुम्ही ‘यात काही नाही’ म्हणून सांगाल, तर तो तुमचं पुढचं एकही वाक्य ऐकणार नाही. आणि त्याचं बरोबरच असेल, कारण तुम्ही पहिलंच वाक्य चुकीचं बोललात.

मात्र हाच घोडा समर्थकांच्या मुद्द्याचंही उत्तर आहे. डर्मॉर्फिन दिल्यावर घोड्याच्या पायातलं दुखणं थांबलं, पण हाडाला गेलेली बारीक तड तशीच राहिली. वेदना गेल्यामुळे तो तिच्यावर जोर देत राहिला. परिणाम शंभर टक्के खरा होता आणि गुण शून्य होता. किंबहुना परिणाम जितका जोरकस, तितका घोडा मोडून पडण्याचा धोका जास्त. ‘मला बरं वाटलं’ हे वाक्य आजाराबद्दल काही सांगतं की आजाराच्या जाणिवेबद्दल, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक वेळी विचारावा लागतो. अफूसारखी द्रव्यं आणि तणावाची संप्रेरकं एकाच वेळी रक्तात उसळून गेल्यावर माणसाला हलकं, मोकळं वाटणं अपेक्षितच आहे. त्यावरून नैराश्य बरं झालं, व्यसन सुटलं, प्रतिकारशक्ती वाढली असं ठरत नाही. ते ठरवायला तुलनेचा गट लागतो, काही महिन्यांचा पाठपुरावा लागतो आणि कुणाला काय दिलंय हे न जाणता मोजणारा माणूस लागतो. या दाव्यांसाठी असा अभ्यास कुणी पुढे ठेवलेला नाही.

समर्थकांचा सगळ्यात लोकप्रिय दावा ओकारीबद्दल आहे. बादलीत पडलेलं हिरवं-पिवळं, कडू पाणी दाखवून सांगतात, की बघा, इतक्या वर्षांची विषद्रव्यं बाहेर पडली. त्या बादलीत असतं काय? विधीआधी प्यायलेलं लिटर-दोन लिटर पाणी, जठरातला चिकट स्राव आणि पित्त. पित्त कुठून आलं? फायलोसेरुलिनने पित्ताशय पिळलं म्हणून. याच घराण्यातलं सेरुलिन १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन झाडबेडकात सापडलं, आणि पित्ताशय नीट आकसतं की नाही हे तपासण्यासाठी डॉक्टरांनी ते वापरलंही. तेच सेरुलिन प्रयोगशाळेत उंदरांना तासातासाने टोचत राहिलं, तर त्यांच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज येते. त्या आजाराच्या अभ्यासासाठी ही पद्धत जगभर वापरतात. म्हणजे जो रंग ‘घाण निघाली’ म्हणून दाखवला जातो, तो निरोगी माणसाच्या पित्ताचा रंग आहे. पूर्ण निरोगी माणसाला हा स्राव लावला, तरी बादलीत हेच पडेल. जी खूण आजारी आणि निरोगी अशा दोघांतही सारखीच उमटते, ती आजार गेल्याची खूण कशी असेल?

वैद्यकाने ही चूक स्वतः फार मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली, पाचेक हजार माणसं गेली. बेंजामिन रश हे तिथले नामवंत डॉक्टर, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. धाडसी इतके, की इतर अनेक जण शहर सोडून पळाले तेव्हा ते रुग्णांपाशी थांबले. त्यांचा उपचार होता पाऱ्याच्या क्षाराचे जबर रेच आणि भरपूर रक्त काढणं. रुग्णाच्या शरीरातून काहीतरी बाहेर पडताना दिसत होतं, आणि जे बाहेर पडतंय तोच रोग अशी त्यांची प्रामाणिक खात्री होती. जे वाचले ते उपचाराने वाचले असं धरलं गेलं, जे गेले ते रोगाने गेले असं. हा हिशोब मोडायला पुढची चाळीस वर्षं लागली. पॅरिसच्या पिएर लुई यांनी न्युमोनियाच्या रुग्णांची चक्क मोजदाद केली. रक्त लवकर काढलेले किती वाचले, उशिरा काढलेले किती वाचले. १८३५ साली त्यांनी जे आकडे छापले, त्यांत रक्त काढण्याचा मिरवला जाणारा फायदा दिसेना. आज बादलीकडे बोट दाखवून ‘विष निघालं’ म्हणणाऱ्यांचा तर्क तोच आहे. रश प्रामाणिक होते, हेही प्रामाणिक असतील, पण प्रामाणिकपणामुळे हिशोब बरोबर होत नाही.

समर्थकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो मी मनापासून मानतो. ते म्हणतात, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेलं आहे, त्याला अडाणी म्हणणं हा उद्दामपणा आहे. खरंच आहे. नुसती पद्धत पाहा. पेप्टाइड गिळलं तर जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात आणि बहुतेक ताकद वाया जाते. सलग कातडीवर चोळलं तर ते आत शिरत नाही. मग वरचा पापुद्रा जाळून रक्तकेशिकांपर्यंत वाट मोकळी करायची, ठिपके किती द्यायचे त्यावर मात्रा सांभाळायची, आणि प्रकार हाताबाहेर जातोय असं दिसलं तर स्राव पुसून टाकायचा. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना अमिनो आम्लं ठाऊक नसतील, पण औषध शरीरात कुठल्या वाटेने जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९९२ साली जॉन डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच स्रावातलं ॲडिनोरेग्युलिन हे पेप्टाइड शोधलं, तेसुद्धा या शिकारी लोकांच्या अनुभवाचा माग काढत.

पण ते ज्ञान कशाबद्दलचं आहे? मात्सेस शिकारी हा स्राव लावून घेत ते शिकारीला जाण्यापूर्वी, दम टिकावा, भूक-तहान कमी लागावी, इंद्रियं तल्लख व्हावीत म्हणून. कातुकिना लोकांत शिकार मिळेनाशी झाली, अंगात आळस भरला, नशीब फिरलं अशा अवस्थेवरचा तो उतारा. लावणारा अनुभवी, लावून घेणारा बहुधा तरुण आणि धडधाकट, दोघे एकाच वस्तीतले, एकमेकांना जन्मापासून ओळखणारे. आज शहरात समोर बसतो तो पन्नाशीचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा किंवा नैराश्याची औषधं चालू असलेला माणूस. त्याच्या हृदयाचा आलेख कुणी पाहिलेला नसतो, आणि लावणाऱ्याने ही विद्या थोड्याच दिवसांत शिकून घेतलेली असते. शेकडो वर्षांचा अनुभव एका प्रश्नाचं उत्तर देत असताना तो दुसऱ्याच प्रश्नाला जोडायचा, आणि त्याला परंपरेचा आदर म्हणायचं? मला तर तो परंपरेचा गैरवापर वाटतो. मात्सेस शिकाऱ्याने ‘यामुळे संधिवात जातो’ असं म्हटलं नव्हतं. ते आपण त्याच्या तोंडी घातलं.

याच जंगलातल्या क्युरारेचा इतिहास इथे उपयोगी पडतो. बाणाला लावायचं हे विष शिकाऱ्यांनी वनस्पतींपासून बनवलं. ते बांबूच्या नळीतलं, मडक्यातलं की भोपळ्यातलं, त्यावरून त्याचे प्रकार पडत, आणि प्रत्येक घाटणीची ताकद वेगळी. एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार यांनी दाखवलं, की ते स्नायूला मारत नाही आणि मज्जातंतूलाही मारत नाही, दोघांमधला निरोप तोडतं. तरीही ते दवाखान्यात यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि अडचण होती मात्रेची. एक घाटणी काहीच करत नसे, दुसरी श्वास बंद पाडे. शेवटी सशाला टोचून त्याची मान किती मात्रेला लुळी पडते यावरून प्रत्येक घाटणीची ताकद ठरवली गेली, आणि असं प्रमाणित केलेलं द्रव्य हाती आल्यावरच १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी ते शस्त्रक्रियेत वापरलं.

गोष्ट इथे संपत नाही. क्युरारे दिलेला रुग्ण निश्चल पडून राहतो, म्हणून तो बेशुद्धही असावा आणि त्याला वेदनाही होत नसाव्यात, असं काही डॉक्टरांना वाटू लागलं. १९४७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात एका डॉक्टरने स्वतःलाच क्युरारे देऊन घेतलं. अंगातला एकेक स्नायू लुळा पडला, श्वास यंत्राने चालवावा लागला, आणि त्या सगळ्या वेळात तो पूर्ण जागा होता, त्याला सगळं जाणवत होतं. निश्चल असणं म्हणजे वेदना नसणं, हा गैरसमज त्या एका प्रयोगाने मोडला. इतक्या शिकलेल्या, इतक्या सावध लोकांनी परिणामाचा अर्थ चुकीचा लावला होता. मग बेडकाच्या स्रावाच्या बाबतीत, जिथे डझनभर पेप्टाइडं एकदम रक्तात शिरतात आणि प्रत्येक बेडकाच्या, प्रत्येक काठीच्या स्रावातलं त्यांचं प्रमाण वेगळं, तिथे ‘दिसतंय ना, काम करतंय’ एवढ्यावर कसं भागेल?

क्युरारेचा आदर कसा झाला, तर त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून, मोजून, त्याला योग्य काम देऊन. हीच वाट पुढे पुन्हापुन्हा वापरली गेली. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात सेर्जिओ फेरेरा यांना १९६० च्या दशकात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारी पेप्टाइडं सापडली, आणि त्या धाग्यावरून १९८१ साली कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध बाजारात आलं. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून जॉन एंग यांनी एक्झेंडिन-४ शोधलं, त्यावरून घडवलेल्या मधुमेहाच्या औषधाला २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तदाब उतरवायला कुणी जराराका चावून घेत नाही, आणि साखर कमी करायला गिला मॉन्स्टरच्या तोंडात बोट घालत नाही. बेडकाच्या बाबतीत मात्र अख्खा स्राव अंगात घेणं हेच ज्ञान, अशी समजूत का?

या वाटेवर यश मिळतंच असंही नाही, आणि हे ‘पेप्टाइड’ शब्दाने भारावलेल्यांना आवर्जून सांगायला हवं. मायकेल झॅसलॉफ यांना दिसलं, की आफ्रिकन नख्यांच्या बेडकांची अंडाशयं काढून, टाके घालून त्यांना गढूळ पाण्यात परत सोडलं, तरी जखमा चिघळत नाहीत. का चिघळत नाहीत, याचा शोध घेताना १९८७ साली मॅगेनिन हाती लागलं: तेवीस अमिनो आम्लांचं, जंतूंच्या पटलाला भोकं पाडणारं पेप्टाइड. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर उपाय मिळाला असं सगळ्यांना वाटलं. त्यावरून मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पेक्सिगनान हे मलम झालं. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते नाकारलं, कारण हाताशी असलेल्या औषधांपेक्षा ते सरस ठरलं नव्हतं. २०१६ साली मोठ्या चाचण्यांत ते पुन्हा अपयशी ठरलं. बशीत जंतू मेले, माणसाच्या जखमेत फरक पडला नाही. केरळमधल्या एका बेडकाच्या कातडीत सापडलेल्या युरुमिन या पेप्टाइडाने २०१७ साली अशीच आशा जागवली. ते काही इन्फ्लुएंझा विषाणू फोडतं आणि उंदरांना वाचवतं. उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर किती असतं, ते मॅगेनिनच्या तीस वर्षांनी दाखवून दिलंय. डर्मासेप्टिनने प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारल्या म्हणून दंडावर स्राव लावल्याने गाठ विरघळेल असं सांगणं, हे मी फसवणुकीच्या फार जवळचं मानतो. ऐकणारा माणूस घाबरलेला असतो, आणि त्याचे उपचाराचे महिने वाया जाऊ शकतात.

आता धोक्याचा प्रश्न. समर्थक विचारतात, की डॉक्टरांच्या औषधांनी किती माणसं दगावतात, त्यापुढे कांबोचे मृत्यू किती? मुद्दा रास्त वाटतो, पण त्यात भागाकाराची एक बाजू गायब आहे. किती जणांनी कांबो घेतलं हे कुणी मोजत नाही, घेतल्यावर कुणाला काय झालं याची नोंद ठेवायला कुणी बांधील नाही. वैद्यकीय साहित्यात जे तुरळक रुग्ण नोंदले गेले, त्यांत भरमसाट पाण्यामुळे रक्तातलं सोडियम घसरून झटके आलेले आहेत, जोराच्या ओकारीने अन्ननलिका फाटलेले आहेत, यकृताला इजा झालेले आहेत, आणि मृत्यूही आहेत. संख्या कमी आहे, मान्य. पण औषधाचा धोका आपण पत्करतो तो समोर सिद्ध झालेला फायदा असतो म्हणून. फायद्याचा रकाना रिकामा असताना छोटा धोकासुद्धा कशाच्या बदल्यात घ्यायचा?

मग बंदी घालायची का? ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कांबोला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीत टाकून सरसकट बंदी घातली. तिथे झालेल्या मृत्यूंनंतर तो निर्णय का झाला हे समजतं. तरी मला ब्राझीलची दिशा अधिक पटते. तिथल्या आरोग्य नियंत्रण संस्थेने २००४ साली कांबोच्या औषधी गुणांची जाहिरात करण्यावर बंदी आणली. दावा आणि धंदा यांना चाप लावायचा, पण ज्यांची ती परंपरा आहे त्यांच्या वस्तीत शिरून ती गुन्हा ठरवायची नाही, ही सीमारेषा मला योग्य वाटते. सरसकट बंदीने विधी बंद खोलीत जातो आणि काही बिघडलं तर सोबतची माणसं रुग्णवाहिका बोलवायला कचरतात. जो पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगावर हा स्राव लावतो, त्याच्यावर मात्र औषध देणाऱ्याची पूर्ण जबाबदारी पडलीच पाहिजे. ‘मी उपचार करत नाही, फक्त विधी करतो’ ही पळवाट त्याला मिळता कामा नये.

या सगळ्या वादात ज्यांचं नाव सतत घेतलं जातं, त्यांचं म्हणणं कुणी ऐकतं का? कातुकिना लोकांनी २००३ साली ब्राझीलच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा यांच्याकडे दाद मागितली होती. आपल्या ज्ञानाचा बाहेर बाजार मांडला जातोय, त्यात लक्ष घाला, अशी ती मागणी होती. डर्मॉर्फिन, डेल्टॉर्फिन यांच्याशी निगडित पेटंटं तोवर श्रीमंत देशांत निघालेली होती. १९९२ च्या जैवविविधता कराराने आणि २०१४ पासून लागू झालेल्या नागोया कराराने अशा ज्ञानाच्या वापरासाठी संमती आणि लाभातला वाटा ही तत्त्वं मान्य केली आहेत. शहरातला कांबो लावणारा आपल्या शुल्कातला किती वाटा ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाठवतो? पेटंट घेणाऱ्यांनी किती पाठवला? परंपरेच्या आदराची भाषा करणाऱ्या दोघांनीही याचं उत्तर द्यायला हवं.

आणि बेडूक? स्राव मिळवताना त्याचे चारही पाय दोऱ्यांनी ताणून बांधतात, त्याला डिवचतात, काठीने पाठ खरवडतात आणि मग सोडून देतात. वस्तीपुरत्या गरजेला हे चालून जात होतं. जगभरची मागणी पुरवायला काठ्या विकल्या जाऊ लागल्यावर ते चालेल का, याची काळजी वाटते. उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती आज धोक्यात आहेत. एका काइट्रिड बुरशीने पाचशेहून अधिक जातींची संख्या घटवली आणि त्यांतल्या नव्वद बहुधा कायमच्या गेल्या, असं २०१९ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. ऑस्ट्रेलियात पिल्लं जठरात वाढवणारा एक बेडूक होता. मादी अंडी गिळायची, जठरातलं आम्ल थांबायचं, पिल्लं तोंडातून बाहेर यायची. आम्ल नेमकं कसं थांबतं याचा अभ्यास सुरू झाला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या दोन्ही जाती दिसेनाशा झाल्या. फायलोमेड्युसा बायकलर आज तितका संकटात नाही. त्याच्या स्रावातली पेप्टाइडं माणसाच्या शरीरात एकत्र आल्यावर नेमकं काय करतात हे अजून तपासायचं आहे, आणि ते काम कातुकिना आणि मात्सेस लोकांना भागीदार करून, त्यांच्या जंगलात बेडूक ओरडत असेपर्यंतच करता येईल.